पानिपतची वार्ता : पत्रें, बखरी व लोकप्रवाद

पानिपतच्या संग्रामाविषयीं मराठींत विपुल लेखन झालेलें आहे. राजवाड्यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं प्रसिद्ध केला, तेव्हांपासून या विषयाचा अभ्यास बखरींच्या आधारावरून अस्सल पत्रांच्या आधारावर आला. पुढें १९३० ते १९३४ या अवधींत पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ भाग सरदेसायांच्या संपादकत्वाखालीं छापून निघाले. त्यांतील दुसरा भाग मुख्यतः पानिपतच्याच कागदांचा आहे. त्र्यं. शं. शेजवलकरांचा इंग्रजी ग्रंथ १९४६ सालीं व मराठी ग्रंथ १९६१ सालीं बाहेर पडला. या सर्व विद्वानांच्या पुढें मुख्य प्रश्न एकच होता : पराभव कां झाला? प्रस्तुत लेखांत आम्हीं दुसरा प्रश्न हातीं घेतला आहे. पराभवाची वार्ता कोणीं, केव्हां व कोणत्या हेतूनें सांगितली, आणि ती सांगण्याच्या रीतीमुळें आपल्या साधनांस कोणतें वळण लागलें, हा तो प्रश्न होय. हा प्रश्न दुय्यम आहे असें पुष्कळांस वाटेल. परंतु आमच्या मतें त्याचा निकाल लागल्यावांचून पहिल्या प्रश्नाचा निकाल पक्का होत नाहीं. कारण 'कां' या प्रश्नाचीं उत्तरें ज्या कागदांवरून द्यावयाचीं, ते कागदच वार्ता राखण्याच्या व पसरविण्याच्या उद्योगांतून जन्मलेले आहेत.

आजच्या अर्थानें वर्तमानपत्र त्या काळीं पुण्यांत नव्हतें. तरी वर्तमान वाहून नेणारी व्यवस्था होती, आणि तिचे चार ओघ स्पष्ट दिसतात. पहिला सरकारी जासूदांचा व हरकाऱ्यांचा. दुसरा दरबारोदरबारच्या वकिलांचा; दिल्लीस हिंगणे घराणें पेशव्यांची वकिली करीत असे, व त्यांचें दप्तर भारत इतिहास संशोधक मंडळानेंच प्रसिद्ध केलेलें आहे. तिसरा सावकारांच्या कासिदांचा. चौथा यात्रेकरू, गोसावी, बाजारबुणगे व रणांतून निसटलेले शिपाई यांच्या तोंडचा. या प्रत्येकाचा स्वार्थ निराळा आहे. हरकारा धन्याचा पगार खातो. वकील ज्या दरबारीं बसतो तेथील रंग पाहून लिहितो. सावकाराची पुंजी बातमीच्या खरेपणावर अवलंबून असते. आणि निसटून आलेल्या माणसास आपण कां निसटलों हें आधीं सांगावें लागतें. ज्याच्या हातीं कागद पडला त्यानें हा कागद यांपैकीं कोणत्या ओघांतून आला, हें प्रथम पाहिलें पाहिजे.

आतां पत्रांकडे वळूं. १७ ऑक्टोबर १७६० रोजीं कुंजपुरा घेतल्यानंतर लौकरच अबदाली यमुना उतरून मराठ्यांच्या व दिल्लीच्या मध्यें आला, आणि पानिपत येथें दोन्ही सैन्यें समोरासमोर तळ देऊन राहिलीं. या अडीच महिन्यांत भाऊसाहेबांच्या छावणींतून गेलेलीं जीं पत्रें उपलब्ध आहेत, त्यांत दोन सूर वारंवार ऐकूं येतात. एक असा, कीं शत्रूची कोंडी होत आली असून त्याचें पारिपत्य लौकरच होईल. दुसरा असा, कीं अंतर्वेदींतून रसद व पैका पाठविण्यास आणि शत्रूची रसद मारण्यास गोविंदपंत बुंदेले दिरंगाई करीत आहेत. राजवाड्यांनीं या पत्रांच्या आधारें बखरींतील कालविपर्यास दाखविला, ग्रँट डफच्या चुका काढल्या, आणि अपयशाचा मोठा वांटा गोविंदपंत व मल्हारराव होळकर यांच्या पदरीं घातला. पहिल्या दोन कामांविषयीं त्यांचें ऋण महाराष्ट्र कधींहि विसरणार नाहीं. तिसऱ्याविषयीं मात्र आमचें मत निराळें आहे.

कारण असें. ज्या सेनापतीस मामलेदाराकडून द्रव्य काढावयाचें आहे, तो त्यास आपली दुर्बलता लिहून कळवीत नाहीं. एक तर पत्र वाटेंत शत्रूच्या हातीं पडण्याचें भय; दुसरें, बुडत्या पक्षास पैका पाठविण्यास कोणीहि कचरणार. म्हणून शत्रू टेंकीस आला आहे असें लिहिणें हें सेनापतीचें कर्तव्यच होतें. असें पत्र छावणीच्या स्थितीचा साक्षी नसून, पत्र घेणाराची समजूत कोणती असावी असें लिहिणारास वाटत होतें याचा साक्षी आहे. हीच गोष्ट दोषारोपाची. पेशव्यांकडे किंवा इतर सरदारांकडे 'अमक्याकडून मदत येत नाहीं' असें लिहिण्यांत खरी तक्रार असेल. परंतु पुढें अपयश आल्यास उत्तर काय द्यावयाचें, याची तजवीजहि त्यांत असूं शकते. फिर्यादीचा कागद हातीं आला एवढ्यावरून निवाडा होत नाहीं. प्रतिवादीचाहि कागद पाहावा लागतो. आणि हा प्रतिवादी तर त्याच कामगिरीवर असतां डिसेंबर १७६० मध्यें अताईखानाच्या छाप्यांत मारला गेला, व त्याचें शिर भाऊसाहेबांच्या छावणींत दाखवावयास धाडण्यांत आलें. त्यास पुढें आपली बाजू मांडण्यास सवडच मिळाली नाहीं. गोविंदपंत निर्दोष होते असें आमचें म्हणणें नाहीं. पण अस्सल पत्र आणि खरें पत्र या दोन गोष्टी एक नव्हेत, हा भेद आपल्या संशोधनांत अद्याप पुरता रुजलेला नाहीं, एवढें या उदाहरणावरून दिसतें. शाई, कागद व मोडी वळण हीं अस्सल असतां आंतील मजकूर जाणून बुजून रंगविलेला असूं शकतो.

गोविंदपंत पडल्यानंतर छावणीचा दक्षिणेशीं संबंध जवळजवळ तुटलाच. दिल्लीहून खजिना घेऊन निघालेली एक तुकडी रात्रीं वाट चुकून शत्रूच्याच गोटांत शिरली व कापली गेली, ही हकीकत प्रसिद्ध आहे. जेथें खजिना पोंचत नाहीं तेथें पत्र तरी कोठून पोंचणार? नानासाहेबांवर एक आक्षेप नेहमीं घेतला जातो, कीं उत्तरेकडे प्राणांशीं गांठ पडली असतां हे पैठणास लग्न करीत बसले. त्याची परीक्षा या दृष्टीनें केली पाहिजे. लग्न झालें २७ डिसेंबर १७६० रोजीं. लढाई झाली १४ जानेवारी १७६१ रोजीं, म्हणजे पौष शुद्ध ८, शके १६८२ या दिवशीं. मध्यें अठरा दिवसांचें अंतर आहे. पराभवाच्या वार्तेनंतर उत्सव केला असा जो लोकांत ग्रह आहे तो तिथींच्या एका बेरजेनें नाहींसा होतो. शिल्लक राहतो तो आक्षेप मात्र अधिक गंभीर आहे : छावणीकडून बातमी येणें बंद पडलें, हीच सर्वांत मोठी बातमी होती, आणि ती वाचण्यांत पुणें दरबार चुकला. ज्या पत्रांनीं महिनाभर धीर दिला, त्याच पत्रांनीं धन्यास बेसावध ठेविलें. सेनापतीनें इतरांसाठीं रंगविलेलें चित्र त्याच्या स्वतःच्या सरकारानेंहि खरें मानलें, असा हा प्रकार आहे.

पराभवाची वार्ता नानासाहेबांस एका सावकारी पत्रावरून कळली, ही गोष्ट शाळेंतील मुलांसहि ठाऊक आहे. दोन मोतीं, कांहीं मोहरा, आणि गणती नसलेला रुप्यातांब्याचा खुर्दा, अशा सांकेतिक भाषेंत तें पत्र होतें असें सांगतात. मोतीं म्हणजे भाऊसाहेब व विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार, खुर्दा म्हणजे सामान्य लोक. ग्रँट डफनें ही हकीकत १८२६ सालीं दिली. त्याच्या मतें पेशवे नर्मदा उतरत असतां, पानिपताहून नऊ दिवसांत औरंगाबादेस पोंचण्याचें पत्करलेला कासीद त्यांस आढळला. सरदेसायांनीं हा प्रसंग २४ जानेवारीस भेलशाजवळ घडला असें धरिलें आहे. मोहरांची संख्याहि कोठें पंचवीस तर कोठें सत्तावीस छापलेली आढळते. स्थळ बदलतें, आंकडा बदलतो, पण वाक्याचा डौल मात्र बदलत नाहीं. ज्या मजकुराचा डौल कायम व तपशील चंचल, तो बहुधा कानांवरून आलेला असतो. यावरून पत्रच नव्हतें असें अनुमान आम्ही काढीत नाहीं. सावकारांचा कासीद सरकारी जासुदाच्या आधीं पोंचावा, यांत अशक्य असें कांहीं नाहीं. उलट, वर सांगितलेल्या चार ओघांत सावकारी ओघ सर्वांत जलद व सर्वांत निर्भीड असण्याचें कारण उघड आहे. चुकीच्या बातमीवर हुंडी सकारली तर बुडणारा पैसा त्याचा स्वतःचा असतो. परंतु जोंवर तें पत्र तिथीमितीसह समोर येत नाहीं, तोंवर त्यास दस्तऐवज न म्हणतां परंपरागत वार्ता म्हणावें, इतकाच आमचा आग्रह आहे.

त्या वार्तेंतील एक दोष तर कोणाच्याहि लक्षांत यावा. दोन्ही मोतीं गळालीं असें ती ठामपणें सांगते. विश्वासरावांच्या देहाविषयीं संशय नव्हता. परंतु भाऊसाहेबांच्या अंताविषयीं प्रत्यक्ष रणभूमीवरहि निश्चय नव्हता. शुजाउद्दौल्याच्या पदरीं असलेल्या काशीराजानें देह शोधून ओळख पटविल्याची व अंत्यसंस्कार झाल्याची हकीकत लिहिली आहे. पण ती १७८० सालची, म्हणजे जवळजवळ वीस वर्षांनंतरची आहे. मग लढाईनंतर लगेच निघालेल्या सावकारी पत्रांत इतका निश्चय कोठून आला? एक तर लिहिणारानें बाजारांत जें बोललें जात होतें तेंच लिहिलें असावें, किंवा पुढें सर्व हकीकत ठाऊक झाल्यावर त्या वाक्यास आजचें रूप आलें असावें. संग्राहकांपैकीं ज्यांच्याकडे त्या काळच्या पेढ्यांचे कागद आहेत, त्यांनीं या प्रश्नाकडे लक्ष द्यावें.

आतां बखरींचा विचार करूं. कृष्णाजी शामराव याच्या नांवावर असलेली 'भाऊसाहेबांची बखर', रघुनाथ यादवाची पानिपतची बखर आणि 'भाऊसाहेबांची कैफियत' हीं या विषयावरचीं मुख्य कथनें होत. यांतील तिथी, फौजांचे आंकडे व भाषणें यांवर विसंबूं नये, हा धडा राजवाड्यांनीं आपणांस घालून दिला, आणि तो योग्यच होता. परंतु त्या धड्याचा अतिरेक होऊन बखर म्हणजे केवळ कल्पित कादंबरी असें मानण्याची जी चाल पडली, ती आम्हांस मान्य नाहीं. काय घडलें हें बखर नीट सांगत नसेल. पण घडलेल्या गोष्टीविषयीं लोक काय बोलत होते, हें तिच्याइतकें दुसरें कोणतेंहि साधन सांगत नाहीं. भाऊसाहेबांच्या बखरींत शिंदे घराण्याविषयींचा जिव्हाळा आणि नजीबखानास वांचविल्याबद्दल मल्हाररावांवरील रोष पानोपानीं दिसतो. बुराडीच्या घाटावर १० जानेवारी १७६० रोजीं दत्ताजी पडले. त्यांच्या तोंडचे अखेरचे शब्द म्हणून जे प्रसिद्ध आहेत, ते याच बखरीनें घरोघर नेले. ते शब्द उच्चारले गेलेच असतील याचा पुरावा कोण देणार? पण लोकांस ते ऐकावयाचे होते, हें निर्विवाद आहे. सरकारानें ज्या पराभवाची जाहीर हकीकत कधीं दिली नाहीं, तिचा जाहीर निवाडा बखरकारांनीं केला; आरोपी ठरविले, वीर ठरविले, आणि शोकास वाट करून दिली. आजच्या काळीं जें काम वर्तमानपत्रांचे अग्रलेख करतात, तें काम तेव्हां बखरीनें केलें, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं. म्हणून बखरीची परीक्षाहि अग्रलेखाप्रमाणेंच व्हावी : ती कोणाच्या पदरीं लिहिली, कोणाचा राग धरून लिहिली, व कोणास वाचून दाखविली?

पत्रें आणि बखरी या दोहोंहून निराळें असें एक तिसरें साधन आहे, तें म्हणजे नाना फडणिसांचें आत्मचरित्र. हा लहानसा लेख द्रव्य मागण्यासाठीं लिहिलेला नाहीं, व कोणा घराण्याची कड घेण्यासाठींहि नाहीं. रणांतून आपण पळालों, वाटेंत हाल भोगले, आईची ताटातूट झाली, हें लेखक लपवीत नाहीं. पानिपताविषयींच्या सर्व मराठी कथनांत स्वतःची लाज उघड सांगणारें कथन म्हणून आम्ही त्याचें मोल मोठें समजतों. हाच पुरुष पुढें आपल्या बातमीदारांच्या जाळ्याबद्दल प्रसिद्ध झाला. बातमीवांचून झालेला नाश ज्यानें विशीच्या आंत डोळ्यांनीं पाहिला, त्यानें बातमीस राज्याचा डोळा मानावें, हें स्वाभाविकच होय.

वार्ता स्पष्टपणें न सांगण्याची किंमत राज्यास काय पडली, हें तोतयाच्या प्रकरणावरून कळतें. नानासाहेब पराभवानंतर सुमारें सवापांच महिन्यांनीं, २३ जून १७६१ रोजीं, पर्वतीवर वारले. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई यांनीं वैधव्य स्वीकारलें नाहीं. आणि जी गोष्ट वाड्यांत मान्य नाहीं ती पेठांत कोण मान्य करणार? भाऊसाहेब जिवंत आहेत, ही वार्ता वर्षानुवर्षें फिरत राहिली, व तिच्या आश्रयानें तोतया उभा राहिला. माधवरावांच्या कारकीर्दींत तो कैदेंत पडला. परंतु १७७६ सालीं रत्नागिरीहून तो सुटला तेव्हां कोंकणांतील किल्ले व माणसें त्यास भराभर मिळत गेलीं. अखेर त्यास पकडून, चौकशी करून, तो सुखलाल नांवाचा कनोजा ब्राह्मण असल्याचें ठरवून, डिसेंबर १७७६ मध्यें पुण्यांत देहान्त शासन देण्यांत आलें. लढाईनंतर पंधरा वर्षांनीं एका अफवेशीं सरकारास युद्ध करावें लागलें. लोक मूर्ख होते म्हणून हें झालें, असें म्हणून सुटतां येणार नाहीं. ज्यांस खरी हकीकत अधिकृतपणें कोणीं सांगितलीच नाहीं, त्यांनीं आशेस पुरावा मानलें, इतकेंच.

तुलनेसाठीं परकीयांचीं उदाहरणें पाहूं. विजयी अबदालीनें जयपूरच्या माधोसिंगास आपल्या जयाची हकीकत पत्रानें कळविली. म्हणजे जेत्यानें वार्ता सांगण्यांत विलंब केला नाहीं. फ्रान्सांत ऑक्टोबर १८१२ मध्यें माले नांवाच्या सेनापतीनें, नेपोलियन रशियांत मेला, अशी खोटी वार्ता उठवून राज्य उलथण्याचा प्रयत्न केला, व कांहीं तास त्यास यशहि आलें. त्यानंतर ३ डिसेंबरच्या मितीचें एकोणतिसावें जाहीरपत्र नेपोलियननें काढलें, आणि तें १६ डिसेंबरास पॅरिसच्या सरकारी पत्रांत छापलें गेलें. त्यांत थंडीस अवास्तव दोष दिला आहे. तरी सेनेचा नाश कबूल केला आहे, व शेवटीं बादशहाची प्रकृति उत्तम असल्याचें मुद्दाम सांगितलें आहे. या जाहीरपत्रांचा लौकिक खोटेपणाबद्दलच होता. पण पराभव आपल्या तोंडानें सांगितला तर निदान त्याचा अर्थ आपणांस लावतां येतो, हें त्यास कळलें होतें. आपल्याच भूमीवरील उदाहरण वडगांवचें. जानेवारी १७७९ मध्यें मुंबईकर इंग्रजांची फौज तेथें कोंडली जाऊन तिला अपमानास्पद करार करावा लागला. मुंबईच्या कौन्सिलानें तो करार नाकारला, व कंपनीच्या डायरेक्टरांनीं कार्नॅक व एजर्टन यांस नोकरींतून दूर केलें. हा निवाडा न्याय्य होता कीं नाहीं, हा वाद निराळा. परंतु प्रत्येक पक्षाचें म्हणणें मितीसह बुकांत नोंदलें गेल्यामुळें तो वाद आज आपणांस करतां येतो. पानिपताविषयीं अशी नोंद नाहीं; म्हणून तेथें वादाऐवजीं आवेश येतो.

येथवर जें विवेचन केलें त्याचा उपयोग संग्राहकांस व संपादकांस काय, हें सांगून हा लेख संपवितों. पहिली गोष्ट पैवस्तीची. पत्र केव्हां लिहिलें याहून तें केव्हां पोंचलें याला आमच्या विषयांत अधिक महत्त्व आहे. पत्राच्या पाठीवर किंवा माथ्यावर जी पैवस्तीची मिती दुसऱ्या अक्षरानें घातलेली असते, ती छापतांना पुष्कळदां गाळली जाते, आणि कागद चिकटवून घेतांना पाठ झांकली जाते. पुष्कळ पत्रांत सालच नसून केवळ चंद्राची तारीख असते. अशा वेळीं पैवस्तीची एक ओळ गेली तर पत्राचा काळ ठरविण्याचें साधनच गेलें. दुसरी गोष्ट रुमालाची. 'पानिपतचीं पत्रें' म्हणून चार कागद निवडून काढून बाकीचे घरगुती कागद वेगळे करणें, किंवा ते विकून टाकणें, हें दप्तराचा वध करण्यासारखें आहे. बातमी न पोंचल्याचा पुरावा शेजारच्या निरुपद्रवी पत्रांतच असतो. तिसरी गोष्ट सर्वांत दुर्लक्षित आहे, ती सावकारी वह्यांची. जानेवारी ते मार्च १७६१ या तीन महिन्यांच्या किर्दी व खतावण्या ज्यांच्या घरीं असतील त्यांनीं हुंडणावळीचे दर तारीखवार उतरून काढावे. उत्तरेकडील हुंड्यांचा दर ज्या दिवशीं एकाएकीं चढला किंवा व्यवहार थांबला, त्या दिवशीं त्या पेठेस पानिपत कळलें असें समजण्यास हरकत नाहीं. पत्र लिहिणारा खोटें लिहील, बखरकार रंगवून सांगेल. हुंडणावळीच्या आंकड्यास मात्र कोणाचेंहि समाधान करावयाचें नसतें. पुण्याच्या पेठांतून व मराठवाड्यांतून अशा वह्या रद्दींत जाण्यापूर्वीं त्यांचा शोध व्हावा, आणि ज्यांच्या हातीं त्या आहेत त्यांनीं त्यांची यादी तरी मंडळाकडे पाठवावी, अशी आमची विनंति आहे.